प्याद्याचा चौरस

बुद्धिबळाचा पट समोर घ्या. पांढरा राजा एच१ वर, पांढरे प्यादे ए४ वर आणि काळा राजा एफ४ वर ठेवा. बाकी पट मोकळा.

शालेय स्पर्धेत दोन हौशी खेळाडूंचा डाव या स्थितीला आला आहे, असे समजा. खेळी काळ्याची, घड्याळात काही सेकंदच शिल्लक. प्यादे आठव्या ओळीत पोचले की त्याचा वजीर होणार! 'ते एक घर, मी एक घर' असे मोजता मोजता काळा खेळाडू गोंधळतो आणि डाव सोडून देतो. त्याने हार मानायला हवी होती का?

मोजू नका, भूमितीची मदत घ्या. प्याद्यापासून ए८ पर्यंतची रेषा ही एक बाजू धरून काळ्या राजाच्या दिशेला चौरस काढा. त्याचे कोपरे ए४, ए८, ई८ आणि ई४. आपल्या खेळीला राजा या चौरसात शिरू शकला, तर प्यादे त्याच्या हाती सापडते. येथे तो ई५ वर येतो. मग प्यादे ए५, राजा डी६. प्यादे ए६, राजा सी७. प्यादे ए७, राजा बी७. वजीर झाला तरी राजा तो मारतो. पटावर दोन राजेच उरतात. डाव बरोबरीत, अर्धा गुण पदरात!

आता हीच स्थिती, पण खेळी पांढऱ्याची. प्यादे ए५ वर जाताच चौरस लहान होतो आणि डी-पट्टीपाशी संपतो. काळा राजा ई५ पर्यंतच पोचतो. एका खेळीने डाव गेला!

असे का होते? कागदावर चौरसाचा कर्ण बाजूच्या सुमारे १.४१ पट असतो. राजा मात्र तिरपा चालला तरी एका खेळीत एक घर पुढे आणि एक घर बाजूला सरकतो. म्हणून ए१ पासून ए८ ला जायला त्याला सात खेळ्या लागतात आणि एच८ ला जायलाही सातच!

रिचर्ड रेटी यांनी १९२१ मध्ये याच गुणधर्मावर एक प्रसिद्ध कोडे रचले. पांढरा राजा एच८, प्यादे सी६. काळा राजा ए६, प्यादे एच५. खेळी पांढऱ्याची. काळे प्यादे हाती लागणे अशक्य वाटते. पण पांढरा राजा जी७, एफ६, ई५ असा तिरपा निघतो. एकाच वाटेने तो शत्रूच्या प्याद्याकडेही सरकतो आणि आपल्या प्याद्याकडेही. काळा एकाच वेळी दोन्ही धोके टाळू शकत नाही. डाव बरोबरीत सुटतो.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. राजाच्या वाटेत मोहरे आडवे आले, तर हा नियम लागू पडत नाही. तसेच मूळ जागेवरचे प्यादे एकदम दोन घरे जाऊ शकते; म्हणून त्याचा चौरस एक घर पुढून काढावा.

आता तुम्हीच सांगा: पांढरा राजा ए१, प्यादे एच२, काळा राजा सी४, खेळी पांढऱ्याची. प्यादे सापडेल का? आधी चौरस काढा, मग पटावर खेळून पाहा.