पातं, पट्टी आणि खिळा

या आठवड्यात फांद्यांच्या ढलप्या करणाऱ्या चिपरच्या इंजिनाविषयी लिहायचं कबूल केलं होतं. किती अश्वशक्तीचं घ्यावं, ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे त्याच्या इंजिनाने फिरणाऱ्या दांड्यावर चालणारा चिपर परवडतो की स्वतःचं डिझेल इंजिन असलेला, वगैरे. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे. पाती ज्यावर बसवतात त्या डिस्क आणि ड्रमवरचा आधीचा लेख वाचून नाशिकच्या एका छाटणी ठेकेदारांचं पत्र आलं आणि त्यातला प्रश्न बाजूला ठेवून पुढे जाववेना. त्यांनी जीपमागे ओढायचा आठ इंची चिपर जुन्यात घेतला. रस्त्यावर पडलेल्या झाडाचं काम चालू असताना आतून खणकन आवाज आला. यंत्र बंद करून झाकण उघडलं तर पात्याची धार बोटभर उडालेली. त्यांनी विचारलं आहे की याहून कडक पोलादाची पाती कुठे मिळतील?

माझं उत्तर आधीच सांगतो. कडक पोलाद घेतलंत तर पुढच्या खेपेला अख्खं पातं तडकेल.

पात्याच्या पोलादाला दोन गुण लागतात आणि ते एकमेकांच्या मुळावर येतात. कडकपणामुळे धार टिकते. चिवटपणामुळे दणका बसला तरी पोलाद तुटत नाही. एक वाढवायला गेलं की दुसरा कमी होतो. म्हणून चिपरची पाती करणारे जाणते लोक मधली वाट काढतात. ए-८ जातीचं चिवट पोलाद घ्यायचं आणि कडकपणा साधारण ५६ ते ५८ रॉकवेलवर थांबवायचा. आपल्याकडे वर्कशॉपमध्ये पाती करायला दिली की तिथला माणूस हमखास एचसीएचसीआर सुचवतो. म्हणजे डी-२ किंवा डी-३, १२ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असलेलं, डाय बनवायचं पोलाद. बागेतल्या स्वच्छ फांद्यांवर डी-२ची धार फार छान टिकते, हे मी नाकारत नाही. पण ते झिजेला जितकं दाद देत नाही तितकंच दणक्याला ठिसूळ असतं. डी-३ तर चिपरच्या आसपासही आणू नये. आणि ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून पाती करून देतो म्हणणाऱ्याला हात जोडावेत. त्या पाट्याचा कोयता उत्तम होतो, पण रस्त्यावर वर्षानुवर्षं दणके खाल्लेल्या पोलादात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असतात. कोयता तुटला तर हातात राहतो. ड्रमवरचं पातं तुटलं तर ते नळीतून, म्हणजे ढलप्या फेकणाऱ्या तोंडातून, कुठे जाईल ते सांगता येत नाही.

नाशिकच्या ठेकेदारांचं पोलाद वाईट नव्हतं. त्यांना खिळा भेटला.

आपल्या शहरातल्या रस्त्यावरचं झाड हे नुसतं लाकूड नसतं. क्लासच्या जाहिराती, भाड्याच्या खोल्या, रिक्षा स्टँडच्या पाट्या, केबलच्या तारा, गणपतीतल्या आणि दिवाळीतल्या दिव्यांच्या माळा अडकवायला ठोकलेले मोळे, सगळं त्यात असतं. पाटी जाते, खिळा राहतो. झाड उंचीने वाढतं ते शेंड्याकडून, त्यामुळे पाच फुटांवर ठोकलेला खिळा वीस वर्षांनीही पाच फुटांवरच असतो. वाढतो तो घेर. दर वर्षी सालीखाली नवीन लाकूड चढतं आणि खिळ्याचं डोकं हळूहळू आत जातं. बाहेर एक खळगी किंवा बारीकशी गाठ उरते, आणि पर्जन्यवृक्षासारख्या भराभर वाढणाऱ्या झाडात काही वर्षांनी तीही दिसेनाशी होते.

यातूनच आमच्या कामाचा पहिला नियम निघाला. जमिनीपासून शिडी लावून माणसाचा हात पोहोचेल तिथपर्यंतचं खोड चिपरमध्ये घालायचं नाही. त्याचे ओंडके करायचे आणि वेगळे रचायचे. मोठ्या झाडाचं खोड तसंही आठ इंची तोंडात जात नाही. धोका असतो तो सुबाभूळ, काशीद, कडुनिंब यांच्या बुंध्यातून फुटलेल्या मनगटापासून मांडीएवढ्या जाडीच्या खोडांचा. ती नेमकी तोंडात बसतात आणि पाट्याही नेमक्या त्यांच्यावरच लागलेल्या असतात.

दुसरी खूण करवतीच्या ताज्या कापावर दिसते. आत लोखंड असेल तर लाकडात निळसर काळा डाग पडलेला असतो. लाकडातलं टॅनिन आणि लोह यांच्या संयोगाने तो रंग येतो. जुन्या काळी याच रसायनातून लिहायची शाई करत. बाभूळ, जांभूळ अशा टॅनिनच्या झाडांत डाग गडद असतो, टॅनिन कमी असलेल्या लाकडात फिका. डागाची मोठी सोय अशी की तो लाकडाच्या धाग्याच्या दिशेने वर-खाली पसरतो. त्यामुळे खिळा प्रत्यक्ष लागण्याआधीच कापावर शाईचा ठिपका दिसतो आणि खबर मिळते. करवत चालवणाऱ्या माणसाला हे एकदा दाखवून ठेवावं. तो ठिपका दिसला की तो तुकडा बाजूला, चर्चा नाही. मॉलच्या दारात सुरक्षारक्षकाच्या हातात असतो तसला धातुशोधक बाळगला तर सोन्याहून पिवळं. एका पात्याच्या किमतीपुढे तो काहीच नाही.

खिळा एका दणक्यात धार घालवतो. माती ती रोज थोडी थोडी घालवते, आणि एकंदर हिशोब केला तर मातीने पाती जास्त जातात. फांदी रस्त्यावरून ओढत आणली की ओल्या सालीला मुरूम चिकटतो. त्यातली गारगोटी कडक पोलादालाही ओरखडते. दोघांनी उचलून आणावी, बुडखा चिखलात पडला असेल तर झाडून घ्यावा. आणि एक सवय तर कायमची मोडावी. काम संपत आलं की खाली उरलेला पाला, काटक्या, खडी सगळं खराट्याने गोळा करून चिपरच्या तोंडात लोटायचं आणि जागा चकाचक करायची. गिऱ्हाईक खूश होतं, मान्य. पण दिवसभराच्या लाकडाने जी धार गेली नाही ती त्या शेवटच्या दोन घमेल्यांनी जाते. तो केर पोत्यात भरा.

आता पट्टी. पात्याविषयी सगळे बोलतात, पट्टीचं नाव कोणी काढत नाही, आणि माझा सगळा जीव तिच्यात आहे. ड्रम किंवा डिस्क फिरते तेव्हा पातं लाकूड कापतं ते खालच्या एका स्थिर पट्टीवर. तिला आम्ही बेडनाइफ म्हणतो. पातं आणि ही पट्टी यांच्यातली फट म्हणजे चिपरचा प्राण. अडकित्त्याचा सांधा ढिला झाला की नवी धार असूनही सुपारी कातरली जात नाही, चेंगरते. इथेही तेच होतं. बहुतेक यंत्रांत ही फट दीड ते तीन मिलिमीटरच्या दरम्यान असते. नेमका आकडा तुमच्या यंत्राच्या पुस्तकात असतो आणि तोच पाळायचा. फट वाढली की बारीक डहाळ्या न कापता तशाच खाली ओढल्या जातात, सालीच्या चिंध्या होतात आणि नळी तुंबते. फार कमी केली तर पातं पट्टीला घासायचा धोका.

शिवाय पट्टीही झिजते. तिची कड गोल झाली की फट मोजायच्या फिलर गेजने ती कितीही अचूक लावा, उपयोग शून्य, कारण कापायला समोर कडच उरलेली नसते. बऱ्याच यंत्रांत ही पट्टी उलटवता येते आणि तिच्या दोन, काहींत चारही कडा वापरता येतात. जुनं यंत्र घेणाऱ्या किती जणांनी ती कधी उलटवून पाहिली असेल?

धार गेली हे ओळखायला तासांचा हिशोब फारसा कामाचा नाही. ढलपी हातात घेऊन पाहा. चांगल्या पात्याची ढलपी साधारण एकाच मापाची, दोन्ही टोकांना स्वच्छ कापलेली असते आणि ओल्या लाकडाची असेल तर कापलेली बाजू बोटाला गुळगुळीत लागते. धार उतरली की टोकं झुबकेदार होतात, ढिगात भुसा आणि लांब दोरे वाढतात. फांदी आत जाताना नाचायला लागते, फांदी आत नेणारा रोलर तिला पुढे ढकलतो आणि बोथट पातं मागे हाणतं. ज्या यंत्रांत इंजिनाचे फेरे उतरले की रोलर आपोआप थांबण्याची सोय आहे, तिथे रोलर घडीघडी थांबू लागतो. लोक म्हणतात इंजिन कमी पडतंय. इंजिनाचा काही दोष नसतो. मला तर वाटतं, इंजिनावरचा लेख पुढे गेला ते एका अर्थी बरंच झालं, कारण पात्यांची बाजू समजल्याशिवाय अश्वशक्तीचा प्रश्न नीट मांडताच येत नाही.

पाती बहुधा दोधारी असतात. एक बाजू गेली की उलटवा, दोन्ही गेल्या की धारेला द्या. धार सरफेस ग्राइंडरवर, कूलंटचं पाणी सोडून, संपूर्ण संच एकदमच घासून घ्यायची. हातातल्या ग्राइंडरने घासलं की कड निळी पडते. निळी पडली म्हणजे पाणी उतरलं, ती धार तासभरही टिकणार नाही. संचातलं एकच पातं घासलं तर वजनात फरक पडतो आणि ड्रम थरथरून बेअरिंग खातो. धारेचा कोन बहुतेक ठिकाणी ३० ते ३५ अंशांच्या आसपास असतो, तो बदलायचा शहाणपणा करू नये. घासून घासून पात्याची रुंदी ठरलेल्या मापाखाली आली की ते भंगारात.

पाती बदलताना सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे घाई नाही. इंजिन बंद केल्यावरही ड्रम बराच वेळ फिरत राहतो. आवाज थांबला म्हणजे ड्रम थांबला असं नाही. तो पूर्ण थांबेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. चावी खिशात, बॅटरीची तार काढलेली, मग झाकण, मग ड्रम अडकवायची पिन, हातात चामड्याचे मोजे. जुनं पातं काढलं की त्याची बैठक तारेच्या ब्रशने खरवडून साफ करा. वड, उंबर, फणस यांचा चीक तिथे वाळून दगड झालेला असतो, तो डिझेलच्या फडक्याने सुटतो. त्या बैठकीत एक ढलपी जरी राहिली तरी पातं तिच्यावर वाकून बसतं आणि पहिल्याच जाड फांदीला तडकतं. बोल्ट टॉर्क पान्याने पुस्तकातल्या मापावर आवळायचे, ताणलेले बोल्ट परत वापरायचे नाहीत. फट प्रत्येक पात्याच्या दोन्ही टोकांना मोजायची. मग पिन काढून ड्रम लाकडी दांड्याने एक पूर्ण फेरा फिरवायचा, कुठे घासत नाही ना बघायचं आणि मगच झाकण.

कोकणातल्या वाचकांसाठी थोडं. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड-रत्नागिरीच्या वाड्या आडव्या झाल्या, तेव्हापासून नारळ-पोफळीसाठी चिपर चालेल का अशी विचारणा सारखी होते. चालतो, पण ताडवर्गीय झाडांत सिलिका असते आणि काथ्या चिवट, म्हणून पाती लवकर उतरतात आणि फट थोडी जरी वाढली तरी झावळीचे दोरे ड्रमच्या कडेला गुंडाळले जातात. झावळ्या एकट्या न घालता आंब्या-फणसाच्या फांद्यांबरोबर घाला, लाकूड त्यांना ओढून नेतं. या विषयाला एक अख्खा लेख द्यायचा आहे.

नाशिकच्या ठेकेदारांना आणि नवा-जुना चिपर बघायला निघालेल्या सगळ्यांना आता इतकंच. यंत्र बघायला जाल तेव्हा आधी विकणाऱ्याला झाकण उघडायला सांगा. पाती बदलायला जागा ऐसपैस आहे का, पट्टी बाहेरून सरकवता येते का, बोल्टला पाना सरळ बसतो का, हे बघा. ब्रिटनच्या ग्रीनमेकसारख्या कंपनीने तर गोल पाती बसवली आहेत. एका भागाची धार गेली की पातं थोडं फिरवून पुढचा भाग कामाला घ्यायचा. अशी सोय असलेलं सहा इंची यंत्र मला अडचणीच्या झाकणाच्या आठ इंचीपेक्षा केव्हाही जास्त आवडेल, कारण ज्या यंत्राची पाती बदलायला अर्धा दिवस जातो त्याची पाती कोणी वेळेवर बदलत नाही. जुनं यंत्र बघायला जाताना फिलर गेज बरोबर न्या आणि फट स्वतः मोजा. विकणारा मोजू देत नसेल तर परत फिरा. आणि तुमच्या दारासमोरच्या झाडात खिळा दिसला तर तो आजच पकडीने काढून टाका, पुढे तो सालीआड जातो आणि मग कोणालाच दिसत नाही. इंजिनाचं पुढच्या आठवड्यात, नक्की.