चौकोन ओ०२ मधला तेरडा

डब्लिन शहराच्या नैऋत्येला टॅला आहे. दाट वस्ती, मोठा मॉल, ट्रामचं शेवटचं स्थानक आणि जवळूनच वाहणारी, विकलोच्या डोंगरांतून उतरलेली डॉडर नदी. इकडे गौरी-गणपतीची धांदल असते त्या दिवसांत डॉडरकाठी गुलाबी फुलं फुललेली असतात. मराठी माणसाच्या तोंडून आपसूक निघतं, ‘अरे, हा तर तेरडा!’

खरोखरच तेरडा, पण हिमालयातला भाऊबंद. उंची माणसाच्या डोक्यावरून जाणारी. १८३९ साली बागेची शोभा म्हणून त्याला इंग्लंडात आणलं आणि तो कुंपण ओलांडून पसरला. त्याच्या पिकलेल्या बोंडाला नुसतं बोट लावावं. सालीच्या पाच पट्ट्या आतून ताणलेल्या असतात. स्पर्श होताच त्या झटकन गुंडाळतात आणि बिया सात मीटरपर्यंत उडतात. एखादी नदीत पडली की पुढचा प्रवास पाण्याचा. हिवाळ्यात झाडं मरतात, काठ उघडा पडतो आणि पुराबरोबर माती वाहून जाते.

तो कुठे कुठे पोचलाय हे कळतं ते नकाशावरून, आणि मला सगळ्यात थक्क करतो तो हा नकाशाच. ब्रिटन आणि आयर्लंडची सगळी जमीन दहा बाय दहा किलोमीटरच्या चौकोनांत वाटली आहे. टॅलाचा चौकोन ओ०२. त्यात एखादं रोप कुणी जाणत्या माणसानं पाहिलं, की त्या रोपाच्या नकाशावर तिथे एक ठिपका पडतो. एवढंच! १९५४ मध्ये तिथल्या वनस्पती-अभ्यासकांच्या संस्थेनं हे काम हाती घेतलं, पंचकार्डांवर नोंदी भरून यंत्राकडून ठिपके छापून घेतले आणि १९६२ मध्ये पहिला अ‍ॅटलास काढला. दुसरा २००२ मध्ये आला. २०२३ मध्ये आलेल्या तिसऱ्यामागे सुमारे ३ कोटी नोंदी आहेत. त्या करणारे हजारो लोक, आणि त्यातले बहुतेक स्वयंसेवक. सुट्टीच्या दिवशी बूट चढवून चिखलात उतरणारी माणसं.

या मंडळींचा आयर्लंडमधला पूर्वज रॉबर्ट लॉइड प्रेगर. नोकरी डब्लिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, जीव मात्र रानात. त्यानं झाडांच्या नोंदींसाठी अख्ख्या बेटाचे ४० भाग पाडले (डब्लिन एकविसावा) आणि पाच वर्षांत सुमारे ५,००० मैल पायी हिंडून ते पिंजून काढले. त्याचा ग्रंथ १९०१ सालचा. त्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरच्या एका ग्रंथाचं प्रकाशन सुरू झालं, तो लिहिणारा थिओडोर कुकही आयरिशच! वॉटरफर्ड परगण्यात जन्मलेला, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकलेला हा इंजिनिअर पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा प्राचार्य होता. कोकणात काय उगवतं आणि देशावर काय, हे त्यानं ठिकाणांच्या नावांसह लिहून ठेवलं. आपल्याकडचे अभ्यासक आजही तो ग्रंथ उघडतात.

पण नोंदलेल्या झाडांत देशी कोण आणि परकं कोण, हे ठरवायचं कसं? झाड काही दाखला घेऊन येत नाही. इथे आयर्लंडची दलदल कामी येते. तिथल्या पीटच्या थरांत हजारो वर्षांपूर्वीचे परागकण जसेच्या तसे टिकतात. कुठल्या थरापासून एखाद्या झाडाचे परागकण दिसू लागतात ते पाहायचं. जोडीला उत्खननात सापडलेल्या बिया आणि जुनी पुस्तकं. आयर्लंडच्या वनस्पतींवरचं पहिलं छापील पुस्तक केलेब थ्रेल्केल्डचं, १७२६ चं. माणसाबरोबर १५०० सालापूर्वी आलेली झाडं जुनी पाहुणी आणि नंतरची नवी, अशी रेघ अभ्यासकांनी मारली आहे.

ताज्या अ‍ॅटलासातलं आयर्लंडचं चित्र मात्र काळजाला लागतं. ५६ टक्के देशी वनस्पतींचा विस्तार किंवा संख्या घटली आहे आणि नव्या पाहुण्यांपैकी ८० टक्के वाढले आहेत. तरी सगळा दोष पाहुण्यांच्या माथी मारणं मला पटत नाही. दलदली उपसून कोरड्या केल्या, खतं घालून कुरणं एकसुरी केली, उघड्या माळांवर लाकडासाठी सूचिपर्णी झाडांच्या रांगा उभ्या केल्या, त्याचा हा मोठा परिणाम आहे. पुण्याजवळ १९५० च्या दशकात दिसलेलं गाजरगवत महाराष्ट्रभर झालं, तेही पडीक आणि उकरलेल्या जमिनी आयत्या मिळाल्या म्हणूनच.

नकाशा वाचताना एक जपावं लागतं. रिकामा चौकोन म्हणजे तिथे रोप नाही, असं नव्हे. तिथे कुणी गेलंच नसेल. म्हणून प्रत्येक नोंदीत चार गोष्टी लागतात: काय पाहिलं, कुठे, कधी आणि कुणी. टॅलाच्या एखाद्या भिंतीच्या फटीत उगवलेलं बडलिया हे चिनी झुडूप पाहून शाळकरी पोरानं या चार गोष्टी नीट लिहून पाठवल्या, आणि ओळख पटली, तर तीही नोंद ओ०२ च्या हिशेबात धरली जाते.