बॅक टू बटान

दुसऱ्या महायुद्धकाळात फिलिपीन्समध्ये जपानी सत्तेविरुद्ध झालेल्या गनिमी प्रतिकाराचे चित्रण करणारा अमेरिकन युद्धपट (१९४५). निर्मिती आर. के. ओ. या चित्रपटसंस्थेची. दिग्दर्शक एडवर्ड डमिट्रिक (१९०८–९९). पटकथा बेन बार्झमन व रिचर्ड लँडाऊ यांची, छायालेखन निकोलस मुसुराका यांचे व संगीत रॉय वेब यांचे. जॉन वेन (१९०७–७९) व अँथनी क्विन (१९१५–२००१) हे प्रमुख नट. चित्रपट कृष्णधवल असून त्याची लांबी सु. ९५ मिनिटे आहे.

पार्श्वभूमी : फिलिपीन्सवर १८९८ पासून अमेरिकेचा अंमल होता. १९३४ च्या कायद्यान्वये दहा वर्षांच्या संक्रमणकाळानंतर त्यास स्वातंत्र्य द्यावयाचे ठरले. जुलै १९४१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या आदेशाने तेथील सेना अमेरिकेच्या लष्करी सेवेत घेण्यात आली. त्याच वर्षी डिसेंबरात जपानने आक्रमण केले आणि ल्यूझॉन बेटावरील संयुक्त सेनेस बटान द्वीपकल्पात माघार घ्यावी लागली. तिने ९ एप्रिल १९४२ रोजी शरणागती पतकरली. युद्धकैद्यांना सु. १०० किमी. चालविण्यात आले, या ‘मृत्युयात्रे’त हजारो कैदी मरण पावले व त्यांत फिलिपिनोंची संख्या फार मोठी होती. शरण न गेलेले सैनिक व ग्रामस्थ यांनी डोंगराळ मुलखात पथके उभारली. अल्प शस्त्रबळ, भूप्रदेशाची माहिती आणि अन्न व वार्ता पुरविणारी खेडी यांवर हा लढा चालला.

कथानक : कर्नल जोसेफ मॅडन (जॉन वेन) याच्याकडे गनिमी पथके संघटित करण्याची कामगिरी सोपविण्यात येते. त्याचा सहकारी कॅप्टन आंद्रेस बोनिफासिओ (अँथनी क्विन) हा स्पॅनिश सत्तेविरुद्ध कातिपुनान संघटना उभारणाऱ्या (१८९२) त्याच नावाच्या क्रांतिकारकाचा नातू दाखविला आहे. त्याची वाग्दत्त वधू दालिसाय (फेली फ्रँक्वेली) मानिलातून जपानी प्रचाराची नभोवाणी भाषणे करते. वस्तुतः ती गनिमांसाठी हेरगिरी करीत असते. ध्वज उतरविण्यास नकार देणारा शाळाप्रमुख फासावर जातो. त्याचा विद्यार्थी माक्सिमो शत्रूच्या हाती सापडतो. परंतु वाट दाखविण्याऐवजी तो त्यांचा ट्रक उलटवून त्यांच्यासह प्राणार्पण करतो. अखेरीस पाण्याखाली पोकळ देठांतून श्वास घेत दबा धरून बसलेले गनीम जपान्यांवर तुटून पडतात व लेटे बेटावरील अमेरिकन अवतरणास (ऑक्टोबर १९४४) साहाय्य करतात.

चित्रपटाच्या आरंभी व अखेरीस काबानातुआन येथील युद्धकैदी छावणीच्या मुक्ततेचा प्रसंग येतो. ही घटना ३० जानेवारी १९४५ रोजी प्रत्यक्ष घडली होती. अमेरिकन रेंजर सैनिक तसेच हुआन पाहोता व एदुआर्दो होसोन यांच्या नेतृत्वाखालील फिलिपिनो गनीम यांनी ५०० हून अधिक कैदी सोडविले. मुक्त झालेल्यांपैकी काही सैनिक पडद्यावर स्वतःच्याच रूपात दिसतात.

मूल्यमापन : फिलिपिनो जनतेस लढ्यातील सहकारी म्हणून मान देणे, हा या चित्रपटाचा विशेष होय. तथापि त्यास प्रचारपटाच्या मर्यादाही आहेत. लढ्याची सूत्रे मुख्यतः अमेरिकन नायकाच्या हाती राहतात. स्वातंत्र्याची जाणीव ही अमेरिकेची देणगी असल्याचे शाळेतील प्रसंगात सूचित केले जाते. बोनिफासिओचा वारसा स्पॅनिश राजवटीविरुद्धच्या उठावाशी जोडला आहे. पण १८९९ ते १९०२ या काळात फिलिपिनो अमेरिकेविरुद्धही लढले होते, याची दखल चित्रपट घेत नाही. मध्य ल्यूझॉनमधील शेतकऱ्यांनी मार्च १९४२ मध्ये उभारलेल्या ‘हुकबालाहाप’ या साम्यवादी नेतृत्वाखालील जपानविरोधी सेनेस त्यात स्थान नाही. प्रमुख फिलिपिनो नायकाची भूमिकाही मेक्सिकोत जन्मलेल्या क्विन यांच्याकडे गेली.

चित्रपटाशी संबंधित व्यक्तींची पुढील वाटचाल उद्‌बोधक आहे. डमिट्रिक यांनी १९४७ मध्ये अमेरिकन संसदेच्या चौकशी समितीपुढे उत्तरे देण्याचे नाकारले व त्यांना कारावास झाला. १९५१ मध्ये मात्र त्यांनी समितीपुढे साक्ष दिली. बार्झमन यांचे नाव काळ्या यादीत गेले, तर वेन हे साम्यवादविरोधी चित्रपट-व्यावसायिकांच्या संघटनेचे अध्यक्ष झाले (१९४९). एकाच चित्रपटासाठी एकत्र आलेली ही माणसे युद्ध संपताच परस्परविरोधी गोटांत गेली.

चित्रपटाने गौरविलेल्या सैनिकांच्या वाट्यास आलेली वागणूक अधिक शोचनीय होती. फेब्रुवारी १९४६ मधील कायद्याने अमेरिकन संसदेने बहुसंख्य फिलिपिनो सैनिकांची सेवा माजी सैनिकांना मिळणाऱ्या बहुतेक लाभांसाठी अग्राह्य ठरविली. त्याच वर्षी ४ जुलै रोजी फिलिपीन्स स्वतंत्र झाले. दीर्घ प्रयत्नांनंतर २००९ च्या कायद्याने हयात सैनिकांना एकरकमी भरपाई मंजूर झाली : अमेरिकन नागरिकांस १५,००० व इतरांस ९,००० डॉलर. तोवर असंख्य सैनिक मरण पावले होते. २०१७ मध्ये त्यांना अमेरिकन संसदेचे सुवर्णपदक अर्पण करण्यात आले. या चित्रपटाने १९४५ मध्ये मान्य केलेल्या लढ्यातील भागीदारीस कायद्याची मान्यता मिळण्यास अशा प्रकारे साठाहून अधिक वर्षे लागली.