विहिरीतील जांभळे औषध

बेळगाव शहरात काय किंवा निपाणीच्या तंबाखूच्या शिवारात काय, विहीर हा लोकजीवनाचा जुना आधार आहे. १९२४ च्या डिसेंबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली टिळकवाडीत काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा पाण्यासाठी खोदलेली विहीर आजही 'काँग्रेस विहीर' म्हणून ओळखली जाते. नळ आले आणि अशा विहिरी मागे पडल्या. १९९५ च्या सुमारास टंचाईची झळ लागताच बेळगावकरांना त्या पुन्हा आठवल्या. विहीर उपसली की पाठोपाठ प्रश्न उभा राहतो, की हे पाणी निर्धोक कसे करावे? या प्रश्नाचे एके काळी देशभर ठाऊक असलेले उत्तर जांभळ्या रंगाचे होते. त्याचे नाव पोटॅशियम परमँगनेट.

हा पदार्थ काळपट जांभळ्या, चकचकीत स्फटिकांच्या रूपात मिळतो. मँगेनीजच्या खनिजापासून तो तयार करतात. हे खनिज नागपूर-भंडारा भागात व कर्नाटकात संडूर येथे सापडते. त्याच्या रेणूत पोटॅशियमचा एक, मँगेनीजचा एक आणि ऑक्सिजनचे चार अणू असतात. चिमूटभर स्फटिक बादलीभर पाणी रंगवितात. मात्र त्याचे खरे सामर्थ्य रंगात नसून ऑक्सिडीकरणात आहे. जवळ येणाऱ्या पदार्थाचे इलेक्ट्रॉन तो हिरावून घेतो व त्या पदार्थाचे रूप पालटून टाकतो. हे करताना तो स्वतःही खर्ची पडतो. साध्या पाण्यात त्याचा तपकिरी गाळ होतो. आम्लयुक्त पाण्यात तो जवळजवळ रंगहीन होतो. परमँगनेट हाताळणाऱ्याच्या बोटांवर उमटणारा तपकिरी डाग हा याच व्यवहाराचा पुरावा होय.

१८९० नंतरच्या दशकात आग्र्याचे जंतुशास्त्रज्ञ अर्नेस्ट हँकिन यांनी पटकीच्या साथीत विहिरींमध्ये परमँगनेट टाकण्याचा पुरस्कार केला. संध्याकाळी औषध टाकावे आणि सकाळी पाण्यात फिकट गुलाबी छटा उरली असेल तर मात्रा पुरेशी झाली असे समजावे, अशी रीत पडली. या रीतीमागे तर्क होता. पाण्यातील कुजका पाला व इतर सेंद्रिय घाण औषध खाऊन टाकते. रंग उरला म्हणजे घाण संपून औषध शिल्लक राहिले. पटकीचे जंतू या औषधाला बळीही पडतात.

परंतु येथेच समजुतीचा घोटाळा होतो. परमँगनेट निवड करीत नाही. पाला, माती, शेवाळ, जंतू, जे आधी भेटेल त्यावर ते खर्च होते. शिवाय, पटकीखेरीज इतर अनेक रोगजंतूंवर त्याचा प्रभाव तोकडा पडतो. त्यामुळे गुलाबी पाणी म्हणजे शुद्ध पाणी, हे समीकरण आरोग्यशास्त्राने मोडीत काढले आहे. आज विहिरीसाठी ब्लीचिंग पावडर, म्हणजे गावोगावचे टीसीएल, वापरतात. चांगल्या प्रतीची सुमारे अडीच ग्रॅम पावडर हजार लिटर पाण्यास लागते. पाणी गढूळ असेल तर मात्रा वाढवावी लागते. निदान एक तास थांबून, पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे की नाही हे तपासावे आणि मगच पाणी भरावे.

हीच चूक सर्पदंशाच्या बाबतीत अधिक महाग पडली. विसाव्या शतकाच्या आरंभी, दंशाच्या जागी चीर देऊन त्यात परमँगनेटचे स्फटिक चोळण्याचा उपाय मान्यता पावला होता; त्यासाठी औषधाची कुपी जोडलेली छोटी शस्त्रेही मिळत. काचेच्या नळीत विष आणि परमँगनेट एकत्र केले तर विष निकामी होते, हे खरे आहे. पण शरीरात विष पसरून गेलेले असते आणि परमँगनेटला प्रथम भेटते ते माणसाचे मांस. विष तसेच राहते, जखम मात्र करपते. उसाच्या किंवा तंबाखूच्या शेतात घोणस अथवा मण्यार चावली, तर चीर देऊ नये, काही चोळू नये. तो अवयव हलू न देता रोग्यास ताबडतोब प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यावे.

मग हे द्रव्य निरुपयोगी ठरले काय? मुळीच नाही. पाझरणाऱ्या इसबासाठी डॉक्टर त्याचे दहा हजारांत एक भाग इतके पातळ द्रावण सुचवितात. तीव्र द्रावण मात्र कातडी जाळते. जलशुद्धीकरण केंद्रांत पाण्यातील विरघळलेले लोह व मँगेनीज गाळरूपात काढण्यास ते उपयोगी पडते. बारावीचा विद्यार्थी ऑक्झॅलिक आम्लाचे प्रमाण काढताना ब्युरेटमधून थेंब थेंब परमँगनेट सोडतो. आम्ल संपले की पुढचा एकच थेंब सारे द्रावण गुलाबी करतो. तेथे दुसरे काही मिसळलेले नसते, म्हणून रंगाची साक्ष विश्वसनीय असते.

घरात हे स्फटिक असतील तर ते मुलांच्या हाती लागणार नाहीत असे, बंद बाटलीत, ग्लिसरीन, साखर, तेल यांपासून दूर ठेवावेत. ग्लिसरीनशी गाठ पडताच ते आपोआप पेट घेऊ शकतात. आणि विहिरीचे पाणी प्यावयाचे असेल, तर रंगावर विसंबू नये; क्लोरीनची तपासणी करवून घ्यावी.