दिवाळं एकाचं, सिबिल दुसऱ्याचं



गळीत हंगाम संपला की कर्जाच्या कागदांची लगबग सुरू होते. कुणाला ठिबक करायचं असतं, कुणाला विहिरीवरून पाइपलाइन न्यायची असते. अशा वेळी बँकेच्या टेबलापाशी हमखास ऐकू येतं, "सायेब, म्या एक रुपाया बुडवला न्हाई. मालकांचा ट्रॅक्टर वढून नेला, त्येचा माझ्या कर्जाशी काय संबंध?" साहेब कागद पुढं सरकवतात, "ताई, ही सही कुणाची?"

सारी गोम त्या सहीत आहे.

नवरा-बायकोची पतनोंद, म्हणजे आपल्या भाषेत 'सिबिल', कायद्यानं वेगवेगळीच असते. लग्नानं ती एक होत नाही आणि काडीमोडानं तुटत नाही. नवऱ्यानं एकट्याच्या नावावर कर्ज बुडवलं, तर बायकोच्या नोंदीला डाग लागत नाही. पण ट्रॅक्टरच्या किंवा तोडणी-वाहतुकीच्या कर्जावर ती सहकर्जदार वा जामीनदार असेल, तर तेच थकलेलं खातं तिच्याही नोंदीत दिसतं. भावाभावांचं आणि भागीदारांचंही तसंच.

नादारीनं कोण सुटतो?

व्यक्तीच्या नादारीला मुंबई शहराबाहेर महाराष्ट्रात आजही १९२० चा प्रांतिक नादारी कायदा लागू आहे. कोर्टानं नादाराला कर्जमुक्त केलं, तरी त्याच कायद्याच्या ४४ व्या कलमाप्रमाणे सहकर्जदार, भागीदार आणि जामीनदार सुटत नाहीत. १८७२ च्या करार कायद्याचं १२८ वं कलम सांगतं की, करारात वेगळं लिहिलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. "आधी त्याच्याकडं जा, मग माझ्याकडं या," असं बँकेला सांगता येत नाही. दिवाळं एकाचं निघतं, वसुली दुसऱ्याच्या दारात येते.

मग आपलं नाव वेगळं कसं करायचं?

पहिलं काम, पत अहवाल मागवा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी प्रत्येकाला वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. त्यातलं एकेक खातं तपासा. कुठं सही आहे, कुठं नाही, याची वहीत यादी करा.

दुसरं, जिथं सही आहे तिथं बँकेला लेखी अर्ज द्या. दुसरा जामीनदार देऊन किंवा कर्ज एकाच्याच नावावर नव्यानं करून आपलं नाव काढता येतं. मात्र बँकेची लेखी संमती हवी. "कर्ज त्यांनी फेडायचं" असं आपसात किंवा काडीमोडाच्या कागदात ठरलं, तरी तेवढ्यानं बँक बांधली जात नाही. कॅश क्रेडिटसारख्या चालू खात्याला जामीन असाल, तर नोटीस देऊन पुढच्या उचलीपुरता जामीन काढून घेता येतो. मागची बाकी मात्र राहते.

तिसरं, फेडायची वेळ आलीच तर शक्यतो पूर्ण फेडा. तडजोडीनं कमी रक्कम भरली तर नोंदीत 'सेटल्ड' असा शेरा पडतो आणि पुढची बँक बिचकते. पूर्ण फेडीनंतर निल दाखला घ्या, सातबाऱ्यावरचा बोजा कमी करून घ्या. जामीनदारानं भरलेला पैसा मूळ कर्जदाराकडून मागण्याचा आणि इतर जामीनदारांकडून त्यांचा वाटा घेण्याचा हक्क आहे. म्हणून पावत्या जपून ठेवा. पण कर्जदार नादार असेल तर हातात फारसं पडत नाही, हेही ध्यानात घ्या.

चौथं, ज्या कर्जावर आपली सही नाही ते आपल्या नावावर दिसलं, तर बँकेकडं आणि पत कंपनीकडं लेखी तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२४ पासून लागू आहे.

डाग एका दिवसात जात नाही. पण आपलं छोटं कर्ज वेळेवर फेडत गेलं की पत पुन्हा उभी राहते.

तेव्हा सभासदहो, भिडेखातर सही करताना एवढंच मनाशी विचारा, "ह्यानं न्हाई भरलं, तर माझ्या उसाच्या बिलातनं मी भरीन का?" उत्तर 'न्हाई' असेल, तर पेन खिशातच राहू द्या. आणि घरच्या लक्ष्मीचा अंगठा वा सही घेण्याआधी तो कागद तिला वाचून दाखवा.