मुलांचा इन्सुलिन पंप : गैरसमज आणि वस्तुस्थिती

लहान मुलांचा मधुमेह बहुतेक वेळा ‘टाइप १’ असतो. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते आणि इन्सुलिन आयुष्यभर बाहेरून द्यावं लागतं. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१च्या अंदाजानुसार भारतात २० वर्षांखालची अशी सव्वादोन लाखांहून अधिक मुलं-मुली आहेत. त्यातल्या मोजक्याच घरांत पंप पोहोचतो. ऐकीव माहिती मात्र सगळीकडे पोहोचते.

गैरसमज : पंप लावला म्हणजे आजार बळावला.
वस्तुस्थिती : आजार तोच, इन्सुलिन देण्याची पद्धत वेगळी. पंपाला शस्त्रक्रिया लागत नाही. कातडीखाली बारीक, मऊ नळी बसवतात आणि ती दोन-तीन दिवसांनी घरीच बदलतात. अंघोळीपुरता पंप काढून ठेवता येतो.

गैरसमज : एवढ्याशा पोराला यंत्र कशाला?
वस्तुस्थिती : खरी गरज अनेकदा एवढ्याशा पोरालाच असते. दोन वर्षांच्या मुलाला दिवसभरात पाच-सात युनिट इन्सुलिन पुरू शकतं. पेनचं बटण मात्र एका, फार तर अर्ध्या युनिटाच्या टप्प्याने फिरतं. एवढ्या छोट्या शरीरात अर्धं युनिट जास्त गेलं तरी साखर झपकन उतरू शकते. पंप तासाला ०.०५ युनिट इतका बारीक डोस देऊ शकतो. मूल दोन घास खाऊन ताटावरून उठलं, तर तेवढ्यापुरतंच इन्सुलिन देता येतं. आणखी खाल्लं तर सुई न टोचता पुढचा डोस देता येतो. खेळायच्या वेळी इन्सुलिनचा वेग तात्पुरता कमी करता येतो.

गैरसमज : पंप बसवला की सगळं आपोआप होतं.
वस्तुस्थिती : साधा पंप साखर मोजत नाही. बोटाला टोचून किंवा सेन्सर लावून ती तपासावीच लागते. पोळी-भातातली कर्बोदकं मोजून आकडा पंपात भरावा लागतो. सेन्सरच्या आकड्यांवरून इन्सुलिन कमी-जास्त करणारे पंप आता आले आहेत, पण आज प्रचलित असलेल्या बहुतेक पंपांना जेवणाची कल्पना द्यावीच लागते.

गैरसमज : आता पेन-सिरिंजची कटकट संपली.
वस्तुस्थिती : हा समज सर्वांत धोक्याचा. पंपात फक्त झटपट काम करणारं इन्सुलिन असतं. शरीरात दिवसभर पुरेल असा साठा नसतो. नळी दुमडली किंवा निघाली, तर काही तासांत रक्तात कीटोन वाढतात आणि मुलाच्या जिवावर बेतू शकतं. अचानक साखर वाढली आणि सोबत उलटी झाली, तर लगेच कीटोन तपासा, डॉक्टरांनी सांगितलेला डोस पेनने द्या, नळी बदला आणि डॉक्टरांना फोन करा. म्हणूनच इन्सुलिन आणि पेन घरात तसंच शाळेतही हवं, आणि वर्गशिक्षकांनाही ते ठाऊक हवं.

गैरसमज : पंप ही श्रीमंतांची चैन आहे.
वस्तुस्थिती : इंग्लंडमध्ये कोणत्या मुलांना सरकारी आरोग्यसेवेतून पंप द्यावा, याचे निकष २००८ सालीच ठरले. २०२३च्या अखेरीस तिथे टाइप १ असलेल्या १८ वर्षांखालच्या मुलांसाठी सेन्सरशी जोडलेल्या पंपांची शिफारस झाली आणि पाच वर्षांत ते टप्प्याटप्प्याने द्यायचं ठरलं. आपल्याकडे पंपासाठी लाखो रुपये आणि त्याच्या नळ्या-सेन्सरसाठी दरमहा हजारो रुपये बहुधा आईवडिलांच्याच खिशातून जातात.

म्हणून पंप परवडत नसेल, तर स्वतःला दोष देऊ नका. दिवसातून चार-पाच इंजेक्शनं, नियमित तपासणी आणि नीट शिकवलेला आहार यांवरही मुलं उत्तम वाढतात. पंप घेणार असाल, तर आधी तीन गोष्टी विचारा : दरमहा खर्च किती, प्रशिक्षण कोण देणार आणि मध्यरात्री अडचण आली तर फोन कोण उचलणार. धोरणकर्त्यांकडे मागणीही स्पष्ट असावी : इन्सुलिन आणि साखर तपासायच्या पट्ट्या प्रत्येक मुलाला मोफत, आणि पंप ज्याला वैद्यकीय गरज आहे त्याला. मुलाचे उपचार आईवडिलांच्या पगारावरून ठरता कामा नयेत.