अंडरवॉटर कॅमेऱ्यात पाणी शिरतं कसं? चूक पाण्यात नाही, बोटीवरच होते!

तारकर्लीला स्कुबा करून आलेल्या कुठल्याही ग्रुपचे स्टेटस बघा. एकाची रील झकास असते, माशांचा थवा अगदी तोंडासमोरून जातो. दुसऱ्याच्या व्हिडिओत नुसतं हिरवट धुकं. आणि तिसऱ्याची रील नसतेच, कारण हौसेने घेतलेला महागडा कॅमेरा पहिल्याच डुबकीत गेलेला असतो. समुद्र तोच, बोट तीच, कधीकधी तर कॅमेऱ्याचं मॉडेलही तेच. मग घोडं अडतं कुठे?

बहुतेक वेळा बोटीवर, कॅमेऱ्याचं दार लावताना.

अ‍ॅक्शन कॅमेऱ्याच्या बॅटरीच्या दाराला आणि वरून घालायच्या प्लास्टिकच्या केसला कडेने रबराची एक बारीक पट्टी असते. गोल असेल तर तिला ओ-रिंग म्हणतात. पाणी अडवण्याचं सगळं काम या पट्टीचं. तिच्यावर वाळूचा एक कण, एखादा केस किंवा टॉवेलचा धागा राहिला की तिथे फट पडते आणि तेवढी फट पाण्याला पुरते.

गंमत म्हणजे खोल पाण्यात ही पट्टी जास्त घट्ट बसते. समुद्रात दर १० मीटरला साधारण एका वातावरणाचा दाब वाढतो आणि तो दाब झाकणाला आणखी आत ढकलतो. त्यामुळे नीट न लागलेल्या दारातून पाणी शिरतं ते बऱ्याचदा अगदी वरच्या एक-दोन मीटरमध्येच. ‘आपण काही फार खोल जाणार नाही’ हा दिलासा म्हणूनच फसवा आहे.

हे टाळायचं असेल तर बॅटरी आणि कार्ड रूमवरच भरून घ्यावं, चांगल्या उजेडात आणि कोरड्या हातांनी. पट्टीवरून बोट फिरवून बघावं, काही खरखरीत लागलं तर धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसावं. दार लागल्याचा आवाज ऐकावा, खटका पूर्ण बसलाय का ते डोळ्यांनी बघावं आणि मग पाण्यातून बाहेर येईपर्यंत दार उघडू नये. काही केससोबत सिलिकॉन ग्रीस येतं. त्याने पाणी अडत नाही, फक्त रबर मऊ राहतं. ते थापून लावलं तर उलट वाळू चिकटते. केस नवी असेल किंवा वर्षभर कपाटात पडून असेल, तर आत फक्त टिश्यू पेपर ठेवून ती बादलीत अर्धा तास बुडवून ठेवावी. कागद ओला झाला तर एक कागदच गेला, कॅमेरा वाचला.

आता खोक्यावरच्या आकड्याबद्दल. गोप्रोचे हिरो ५ ब्लॅकपासूनचे मुख्य मॉडेल केसशिवाय १० मीटरपर्यंत चालतात, डीजेआयचा ऑस्मो अ‍ॅक्शन ४ हा १८ मीटरपर्यंत. त्याहून खोल जायचं तर वेगळी केस लागते. मोबाइलचं गणित मात्र निराळं आहे. आयफोन १२ आणि त्यानंतरच्या बऱ्याच मॉडेलांवर ‘६ मीटर, ३० मिनिटं’ असं लिहिलेलं असतं, पण ती प्रयोगशाळेतल्या शांत पाण्यातली चाचणी आहे. फोन जुना होतो तसं हे संरक्षण कमी होत जातं आणि पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. समुद्रात फोन नेण्याचा मोह आवरलेलाच बरा.

दार नीट लावलं, पाणीही शिरलं नाही, तरी काचेवर धुकं येऊ शकतं. कोकणातल्या दमट हवेत केस बंद केली की ती हवा आत अडकते. कॅमेरा चालू राहून तापतो, बाहेरून थंड पाणी लागतं आणि आतला ओलावा काचेवर जमतो. म्हणून केस एसी रूममध्ये बंद करावी, कॅमेऱ्याशेजारी ओलावा शोषणारी पट्टी ठेवावी आणि बोटीवर तो उन्हात चालू ठेवू नये.

हिरव्या-निळ्या व्हिडिओसाठी मात्र कॅमेऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. पाणी सगळ्यात आधी लाल रंग गिळतं. पाचेक मीटरवरच लाल मासा करडा दिसू लागतो. निळ्याशार पाण्यात लाल फिल्टर उपयोगी पडतो, मालवणसारख्या हिरवट पाण्यात किरमिजी. पण पृष्ठभागाजवळ तोच फिल्टर सगळं लालभडक करतो. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे जवळ जाणं. मासा हातभर अंतरावर असेल तर मधलं पाणी कमी, म्हणून रंग जास्त आणि गढूळपणाही कमी. लाइट वापरायचा तर तो लेन्सच्या बाजूला, थोडा दूर धरावा. समोरून मारला तर पाण्यातले कण चमकतात आणि व्हिडिओत बर्फ पडल्यासारखं दिसतं.

पाण्याखाली टचस्क्रीन नीट चालत नाही, म्हणून सेटिंग वरच करून स्क्रीन लॉक करावी आणि खाली फक्त बटण दाबावं. वाय-फाय आणि ब्लूटूथचे सिग्नल पाण्यात काही सेंटिमीटरवरच विरतात, त्यामुळे मोबाइल अ‍ॅपवरून कॅमेरा चालवण्याचा बेतही सोडून द्यावा.

आणि खाली असताना केसमध्ये पाणी दिसलंच तर? काचेवर बारीक दव असेल तर ते धुकं. पण कॅमेरा तिरका केल्यावर कोपऱ्यात पाणी हलताना दिसलं, तर ती गळती. अशा वेळी कॅमेरा बंद करून प्रशिक्षकाला खूण करावी आणि त्याच्यासोबत सावकाश वर यावं. टाकीतली हवा घेत असताना श्वास रोखून घाईघाईने वर आल्यास फुफ्फुसाला इजा होते, ती जीवावर बेतू शकते. कॅमेरा गेला तर गेला.

वर आल्यावर बॅटरी आणि कार्ड काढावं. चालू होतोय का बघायला बटण दाबू नये, चार्जरला तर मुळीच लावू नये. बॅटरी फुगलेली किंवा गरम वाटली तर ती माणसांपासून दूर, मोकळ्यावर ठेवावी. तांदळाच्या डब्यात पुरण्याचा उपायही नको. अ‍ॅपलनेच आपल्या ग्राहकांना तसं करू नका असं सांगितलंय, कारण तांदळाचे बारीक कण आत जातात. खारं पाणी आत गेलेला कॅमेरा त्याच दिवशी दुरुस्तीला दिला तर थोडी आशा असते. आठवडाभराने आतलं सर्किट गंजलेलं असतं.

कॅमेरा कोरडा राहिला असला तरी मीठ बाहेर उरतंच. ते सुकलं की बटणांच्या फटीत खडे होतात आणि पुढच्या वेळी तेच रबराखाली सापडतात. म्हणून सगळी दारं बंद ठेवूनच कॅमेरा गोड्या पाण्याच्या बादलीत पंधरा-वीस मिनिटं बुडवावा, पाण्यातच प्रत्येक बटण चार-पाच वेळा दाबावं. मग पुसून, सावलीत पूर्ण सुकवून दार उघडावं आणि चार्जिंगला लावायचं ते त्यानंतरच.